बंबखान्याच्या भिंती

अग्निशमन केंद्र म्हटले की लाल बंब आठवतो, घंटा आठवते. ज्या इमारतीतून तो बंब बाहेर पडतो तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक ही इमारत म्हणजे एक यंत्रच असते. वर्दी मिळाल्यापासून पाण्याची पहिली धार आगीवर पडेपर्यंत जो वेळ जातो तो कमी करणे, हे त्या यंत्राचे काम. लंडनच्या अग्निशमन दलाच्या इमारती या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. त्या दलाशी आपलेही थोडे नाते आहे. मुंबईत आगीचे काम पोलिसांकडून 1887 साली नगरपालिकेकडे आले आणि 1890 साली दलाचा प्रमुख म्हणून लंडनच्याच दलातील अधिकारी नेमला गेला.

1666 च्या महाभयंकर आगीनंतर लंडनमध्ये आगविमा कंपन्या निघाल्या आणि त्यांनी आपापली अग्निशमन पथके ठेवली. विमा उतरवलेल्या घरावर कंपनीचा धातूचा बिल्ला ठोकलेला असे. बिल्ला नसलेले घर ही पथके खुशाल जळू देत, ही गोष्ट चवीने सांगितली जाते. पण तिला भक्कम पुरावा नाही. 1833 साली कंपन्यांनी पथके एकत्र केली आणि एडिंबरोहून जेम्स ब्रेडवुड यांना प्रमुख म्हणून आणले. हाताखाली जवान अवघे 80. मुख्यालय व्यापारी पेठेतल्या वॉटलिंग स्ट्रीटवर. केंद्रे कोठे असावीत हे माणसांच्या वस्तीपेक्षा विमा उतरवलेल्या मालावरून ठरत होते. त्या काळचे बंब हातपंपाचे. दांडा वरखाली करायला रस्त्यावरचीच माणसे लावत. पहिल्या तासाला एक शिलिंग आणि वर बिअर, असा मोबदला असे.

22 जून 1861 रोजी टूली स्ट्रीटवरील गोदामांना आग लागली. ताग, कापूस, चरबी, साखर असा माल खच्चून भरलेला. एका गोदामातून दुसऱ्यात आग जाऊ नये म्हणून लोखंडी दरवाजे होते, पण ते उघडेच राहिले होते. दमलेल्या जवानांना ब्रँडीचा घोट देत ब्रेडवुड फिरत असताना एक भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. आग पूर्ण विझायला दोन आठवडे लागले. नुकसान सुमारे 20 लाख पौंडांचे. एवढा भार आम्हाला झेपणार नाही, असे विमा कंपन्यांनी सरकारला कळवले. 1865 साली कायदा झाला आणि 1866 च्या आरंभापासून आग विझवणे हे सार्वजनिक काम ठरले. बंबखाना आता मालासाठी नव्हे, शहरासाठी होता. मला या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच वाटतो. यंत्रे नंतर बदलली.

नवे प्रमुख कॅप्टन आयर मॅसी शॉ यांनी बरेचसे खलाशी भरती केले. दोरावर चढणे आणि पहाऱ्यावर जागणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. केंद्रे तारायंत्राने जोडली गेली. 1878 साली मुख्यालय थेम्सच्या दक्षिणेस, सदर्क येथील विंचेस्टर हाउस या जुन्याच वास्तूत आले.

त्या पिढीतल्या केंद्रांची रचना समजण्यासाठी वाफेचा बंब समजून घ्यावा लागतो. आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा: मध्ये विस्तव आणि भोवती पाणी. वाफेच्या बंबाचे उभे बॉयलर तत्त्वतः असेच असे, आणि त्या वाफेवर पंप चाले. आपल्याकडे दोन्ही वस्तूंना बंबच म्हणतात. हा शब्द ‘बोंबा’ म्हणजे पंप या पोर्तुगीज शब्दावरून आला असे मानतात. अडचण अशी की थंड पाण्याची वाफ व्हायला बराच वेळ लागतो. म्हणून केंद्रात उभ्या बंबाच्या बॉयलरखाली गॅसची छोटी ज्योत ठेवून पाणी गरम राखत. वर्दी आली की भट्टी पेटवायची, घोडे जोडायचे आणि निघायचे. आगीपाशी पोहोचेपर्यंत वाफ तयार.

घोडे जवळ हवेत, म्हणून तळमजल्यावर बंब आणि लगतच तबेला. जवान आणि त्यांची बायकामुले वरच्या मजल्यांवर. 1920 साली दोन पाळ्या सुरू होईपर्यंत जवान जवळजवळ अष्टौप्रहर बांधलेला असे, तेव्हा त्याचे घर बंबखान्यातच असणे ओघाने आले. जिन्यातले सेकंद वाचवणारा घसरखांब 1878 मध्ये शिकागोच्या डेव्हिड केन्यन यांनी वापरात आणला आणि पुढे तो सर्वत्र गेला. उंच मनोऱ्याचे कारणही साधे आहे. कापडी नळ ओला गुंडाळून ठेवला तर कुजतो, म्हणून तो उंचावरून लोंबता सोडून वाळवत. कृत्रिम धाग्याचे नळ आल्यावर ही गरज संपली. मनोरे शिडीच्या सरावापुरते उरले.

लंडनच्या दलातला शेवटचा घोडा 1921 साली निवृत्त झाला. मोटार घोड्यासारखी दमत नाही, त्यामुळे एका केंद्राचा पल्ला वाढला. 1937 साली राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते लँबेथ येथे नवे मुख्यालय सुरू झाले. समोर थेम्स, मागे कवायतीचे विस्तीर्ण मैदान. अग्निनौकांसाठी नदीत तरता धक्का होता, कारण भरतीओहोटीने लंडनमध्ये पाण्याची पातळी कित्येक मीटर वरखाली होते. हे प्रकरण किती गंभीर आहे ते 29 डिसेंबर 1940 च्या रात्री कळले. जर्मन विमानांनी आगलावे बाँब टाकले, जमिनीखालच्या जलवाहिन्या फुटल्या आणि नदीला नेमकी मोठी ओहोटी होती. शहर जळत असताना नळांची तोंडे चिखलातून ओढत पाण्यापर्यंत न्यावी लागली.

लँबेथचे मुख्यालय 2007 च्या सुमारास हलले. इमारत मात्र वारसा यादीत असल्याने जपलेली आहे. खरा वाद झाला तो चालू केंद्रांवरून. 9 जानेवारी 2014 रोजी लंडनमधील दहा केंद्रे एकाच दिवशी बंद करण्यात आली. आगींची संख्या घटली आहे आणि पहिला बंब सरासरी सहा मिनिटांत पोहोचण्याचे उद्दिष्ट तरीही पाळता येईल, असे प्रशासनाचे म्हणणे होते. सरासरी पाळली गेली तरी एखाद्या मोहल्ल्याची वाट वाढणारच, असे विरोधक म्हणत. गणिताच्या शिक्षकांना यातली मेख चटकन दिसेल. बंद झालेल्यांत 1872 साली उघडलेले क्लार्कनवेलचे केंद्र होते आणि सदर्कचेही होते.