हब्सीगुडा, 2004

तार्नाक्यावरून उप्पलच्या दिशेने या. हैदराबादच्या हब्सीगुड्यात सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन केंद्राचं फाटक लागतं. साल 2004, मेट्रोच्या खांबांचा अजून पत्ता नाही. अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी तुमच्या अंगावर कोट चढवतं आणि हातात बर्फात बुडवलेली नळी देतं. कत्तलखान्यातून ताज्या आणलेल्या मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाची पेशीपटलं तिच्यात आहेत. त्यांत सेरोटोनिन या संदेशवाहक रेणूचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन, रुतून बसलंय.

तुम्ही नळीत मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घालता. हे साखरेच्या रेणूंचं कडं. त्याच्या पोकळीला पाणी आवडत नाही, म्हणून पटलातलं कोलेस्टेरॉल तिथे जाऊन अडकतं. मग किरणोत्सारी खूण लावलेलं द्रव्य रिसेप्टरला चिकटू द्यायचं, मिश्रण गाळायचं, गाळणकागद धुऊन मोजणी यंत्रात ठेवायचा. आकडा घसरलेला! रिसेप्टरच्या अंगाला तर कुणी हात लावला नव्हता, फक्त शेजारचं कोलेस्टेरॉल काढलं होतं. ते परत घाला, आकडा पुन्हा चढतो.

आता लहान व्हा, इतके की स्वतःच्याच धमनीच्या अस्तरावर उभं राहता येईल. इथे कोलेस्टेरॉलची ही देवाणघेवाण लिपोप्रोटीन करतात, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल, एचडीएल यांसारखे कण. अस्तरपेशींच्या पटलावर कोलेस्टेरॉलने भरलेल्या इवल्या खळग्या दिसतील. धमनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू बनवणारं एन्झाइम तिथेच बसतं. ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल येतं, खळगीतलं कोलेस्टेरॉल कमी होतं, एन्झाइम जागेवरून हलतं. मग असिटिलकोलीन या संदेशवाहक रेणूने कितीही सांगितलं तरी ते पूर्वीसारखं ऐकत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी हे 1999 मध्ये दाखवलं. हा बिघाड सीडी-36 रिसेप्टरमार्फत होतो आणि एचडीएल तो रोखतं, हे लगोलग 2000 मध्ये. एसआर-बीआय रिसेप्टरमार्फत एचडीएल त्या एन्झाइमला कामालाही लावतं, हे 2001 मध्ये कळलं. चरबीने तुंबलेल्या नळाचं चित्र आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की तुंबण्याच्या कितीतरी आधी चाललेली ही गडबड आपल्याला दिसतच नाही.

2010 मध्ये पुन्हा हब्सीगुड्यात या. चट्टोपाध्यायांच्या गटाने संवर्धित पेशींना दीर्घकाळ स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलंय. कोलेस्टेरॉल घटलं, सेरोटोनिन रिसेप्टरचं काम मंदावलं. नंतर पेशींना सीरम दिलं (लिपोप्रोटीन त्यातच असतात) आणि काम पूर्ववत झालं.

इथून परतताना एक घाई करू नका. त्या पेशी बशीतल्या होत्या, रुग्णाच्या शरीरातल्या नव्हेत. हृदयविकाराचा झटका टाळण्यात स्टॅटिनचा उपयोग मोठमोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेला आहे. तुमची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.