आता लेकरांची शाळा बघायची का तुझी?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी एक जण जागची उठेना. वय 33. बारावी पास, लग्नानंतर शिलाई मशीनवर बसलेली, पदरी दोन लेकरं, मोठा सहावीत. सासूच्या आजारपणात लातूरच्या दवाखान्यात पंधरा दिवस राहून आली होती. सलाईन, ड्रेसिंग, रात्रीची फेरी सगळं बघत होती. म्हणाली, "ताई, मला नर्सिंगला जायचंय." शेजारच्या मावशी हसत म्हणाल्या, "अगं माय, आता लेकरांची शाळा बघायची का तुझी?" सगळ्या हसल्या. तीही हसली आणि पिशवी उचलून निघून गेली.

मी गटाची काम बघणारी, मला तिथंच काहीतरी बोलता यायला हवं होतं. सुचलं नाही. पण बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, आणि रात्री आठवत गेलं की आपल्या महाराष्ट्रात नर्सिंगची वाट पहिल्यांदा ज्या बायकांनी तुडवली, त्यातल्या कितीतरी जणी शाळकरी पोरी नव्हत्याच. म्हणून आज त्यांच्याविषयी.

त्या काळात बाळंतपण घरातच व्हायचं, सुईण करायची. तिचं काम सगळ्यांना लागायचं आणि मान मात्र कुणी द्यायचं नाही. रक्ताला हात लावणारी म्हणून तिच्या जातीवर बोट, तिच्या लुगड्याचा विटाळ. 'घरंदाज' म्हणवणाऱ्या घरातल्या बाईनं दवाखान्यात जाऊन परक्या माणसाच्या जखमा पुसायच्या, रात्रपाळी करायची, हे कल्पनेतही बसत नव्हतं. मुंबईत 1886 साली बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं, 1891 मध्ये बाई काशीबाई गणपत या नर्सिंग शिकायला आल्या. शिकून नर्स होणाऱ्या पहिल्या भारतीय बाई म्हणून त्यांचं नाव आजही नर्सिंगच्या पुस्तकात असतं.

पण मला आपल्या शिलाईवाल्या मैत्रिणीशी जवळची वाटते ती बाया कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी, आनंदीबाई. माहेरचं नाव गोदूबाई. लहानपणी लग्न, आणि नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत विधवा. पुढची कित्येक वर्षं सासरी राबण्यात गेली. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथं शिकायला आलेली पहिली विधवा हीच. तेव्हा ती विशीच्या पुढं गेलेली होती, म्हणजे त्या काळाच्या हिशोबानं आयुष्य संपलेलीच. 1893 मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि मुरूड गावानं कुटुंबावर बहिष्कार टाकला. एवढं झाल्यावर एखादी म्हणाली असती, बास, आता संसार बरा. पण मुलगा शंकर लहान असतानाच ही बाई नागपूरला जाऊन सुईणीचं आणि नर्सिंगचं शिक्षण घेऊन आली. पुण्याहून नागपूर, त्या काळात, लहान मूल असताना! आपल्याकडे लातूरला मुक्कामी जायचं म्हटलं तरी चार घरांत चर्चा होते.

बायाची बहीण पार्वतीबाई आठवले. तीही विधवा, पदरी एक मुलगा, आणि लिहिता-वाचताही न येणारी. ती नर्स झाली नाही, शिक्षिका झाली, हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य दिलं. पण अक्षर गिरवायला बसली तेव्हा तिची पंचविशी उलटून गेली होती. एकाच घरातल्या दोन बहिणी, दोघींनी उशिरा सुरुवात केली. मला वाटतं, एकीला दुसरी होती म्हणूनच दोघींना ते जमलं.

आता तिसरी गोष्ट, आणि हीच मला सगळ्यात मोठी वाटते. न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये वारले. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी 1909 साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या मदतीनं पुण्यात सेवासदन सुरू केलं. शिवण, शिक्षिकांचे वर्ग, आणि 1911 च्या सुमारास ससून हॉस्पिटलच्या मदतीनं नर्सिंगचं शिक्षण. तिथं कोण आल्या? तरण्याताठ्या विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, घरी ओझं झालेल्या. लोकांनी नावं ठेवली. एका समारंभाचा प्रसंग सांगतात. आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली आणि वरच्या गॅलरीतल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली. आभार मानायला उठलेल्या रमाबाईंनी त्या पोरांना तिथंच झापलं. तुमच्या घरात अशी बहीण, अशी आत्या नाही का, असं विचारलं. सभा गप्प झाली.

तरीही नुसत्या झापण्यानं कुणी नर्स होत नाही. सेवासदननं या विद्यार्थिनींसाठी ससूनजवळ राहायची सोय केली. म्हणजे रात्रपाळी संपवून पहाटे एकटीनं शहर ओलांडायला नको, सोबत चार आपल्यासारख्या, आणि घरच्यांना सांगायला एक भरवशाचं नाव. धाडस त्या बायकांचं होतंच. पण झोपायला जागा, ताटात भात आणि पाठीशी संस्था असल्यावर ते धाडस टिकलं. इतिहासाच्या पुस्तकात धाडसाला पान मिळतं, वसतिगृहाला एक ओळ. मला ते उलट करावंसं वाटतं.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. 1911 सालीच बार्शीची छोटी रेल्वे लातूरपर्यंत आली, म्हणजे रूळ पोचले होते. पण गाडीत बसून पुण्याला शिकायला जाईल अशी बाई इथून निघायला कुणी घर तयार हवं ना.

आज रूळ आहेत, एसटी आहे, लातूर जिल्ह्याच्या ठिकाणीच नर्सिंगचं शिक्षण मिळतं. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. दोन्हीला बारावी पास लागते. आणि वयाची वरची मर्यादा साधारण 35. इथं मला थोडं रागवावंसं वाटतं. ज्या शिक्षणाची सुरुवात संसार पोळलेल्या मोठ्या बायकांनी केली, त्याच्याच दारावर आता वयाची पाटी. लेकरं जरा हाताशी येतात तेव्हाच आपल्याला स्वतःकडे बघायला वेळ मिळतो, आणि तेवढ्यात ती पाटी समोर येते. ज्यांचा विचार असेल त्यांनी अर्जाच्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी, कागदपत्रं आधी काढून ठेवावीत. जातीचा दाखला आणि लग्नानंतरच्या नावातला बदल, यातच सगळ्यात जास्त दिवस जातात.

आमच्या मैत्रिणीकडे म्हणजे हातात दीड-दोन वर्षं आहेत. मी तिच्या घरी गेले, बायाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ताई, ते खरं, पण त्यांच्या शंकरला कोण बघत होतं?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पुण्या-नागपूरच्या इतिहासात शोधून तिची सोय होणार नव्हती.

या महिन्याच्या बैठकीत मी हाच प्रश्न गटापुढं ठेवला. कर्जाचा नाही, लेकरांचा. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच मावशी म्हणाल्या, "संध्याकाळी आमच्या घरी येऊ दे, माझी नातवंडं हायेतच की." दुसरी म्हणाली, परीक्षेच्या महिन्यात डबा माझ्याकडं. नवऱ्याचं काय म्हणणं, ते तिलाच सांभाळावं लागणार, त्यात गटाचं चालत नाही. हप्त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही वारांची नावं लिहिलीत. मंगळवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत.