तागाचे खोड : वाहक व आधार ऊतके

मुळांनी शोषलेले पाणी व क्षार वर नेणारे प्रकाष्ठ, पानांत सिद्ध झालेले अन्न सर्वत्र पोचविणारे परिकाष्ठ आणि देहास ताठपणा देणारे दृढ ऊतक यांचा परस्परसंबंध ज्या खोडात जवळजवळ उघड्या डोळ्यांनी उमगतो, ते खोड बंगालमध्ये ‘पाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तागाचे होय. ऊतककराबाहेरील (म्हणजे प्रकाष्ठ व परिकाष्ठ निर्मिणाऱ्या थराबाहेरील) परिकाष्ठात तंतुकोशिकांचे पाचरीसारखे पुंज असतात. खोडे पाण्यात कुजत घातली म्हणजे सूक्ष्मजंतूंमुळे पेक्टिन व मृदूतक विरून जातात, लिग्निनयुक्त तंतू तेवढे टिकतात, आणि तंतू सोलून घेतल्यावर हाती उरणारी पांढरी, हलकी काठी हे मुख्यत्वे प्रकाष्ठच. याच तंतूंसाठी कलकत्त्याजवळ रिश्रा येथे १८५५ मध्ये तागाची गिरणी निघाली. आपल्या बाजारपेठांतील बारदान हे अशा रीतीने परिकाष्ठाचेच वस्त्र आहे, याची दखल धान्य मापणारे सहसा घेत नाहीत.

अभ्यासासाठी कोवळे खोड गाजराच्या फाकेत धरून ओल्या वस्तऱ्याने पातळ आडवे छेद घ्यावेत. फ्लोरोग्लुसिनॉल व त्यामागून हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकताच प्रकाष्ठातील वाहिन्यांच्या व तंतूंच्या भित्ती लालभडक होतात; परिकाष्ठातील अन्नवाहक चालनी नलिका मात्र रंगहीन राहतात.

१९१७ मध्ये कलकत्त्यात वसु विज्ञान मंदिर स्थापणाऱ्या जगदीशचंद्र बसूंनी रसारोहणाचे, म्हणजे खोडातून पाणी वर चढण्याचे, श्रेय जिवंत कोशिकांच्या स्पंदनास दिले. परंतु मान्यता मिळाली ती मृत वाहिन्यांतील अखंड जलस्तंभ बाष्पोच्छ्वासाने वर ओढला जातो, या डिक्सन व जॉली यांच्या १८९४ च्या उपपत्तीस.