जुन्या मोटारींचे जड बंपर : मूळ स्वरूप, बदल आणि जतन
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
वाडे, नाणी, शिलालेख व दप्तरे यांच्या जतनाची चर्चा इतिहासाच्या अभ्यासकांत नेहमी होते. विसाव्या शतकातील यंत्रवस्तू मात्र या चर्चेबाहेरच राहतात. जुन्या मोटारीचा जड बंपर तसाच ठेवावा की बदलावा, हा प्रश्न वरवर पाहता हौशी मालकांचा वाटतो. वस्तुतः 'मूळ' कशास म्हणावे, हा इतिहासाचा प्रश्न त्यात दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करण्यात आला आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी :
सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास 'सांगली' हे नाव मिळाले. याच काळात मोटार ही संस्थानिकांच्या दारातून मध्यमवर्गाच्या दारात येऊ लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून प्रथम डॉज, प्लायमाउथ या अमेरिकन गाड्या व पुढे फियाट ११०० बाहेर पडली. हीच गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ मध्ये वालचंदांचेच नाव देण्यात आले. साताऱ्यात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सने 'प्रिया' ही स्कूटर घडविली.

जडपणाचे तीन उगम :
पहिला उगम कारखान्याचा. फियाट व अँबेसिडर यांचे बंपर पोलादी पत्र्याचे, क्रोमचा मुलामा दिलेले असत. ते गाडीच्या मूळ रेखाटनाचाच भाग होते.

दुसरा उगम कायद्याचा. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलपासून ताशी ५ मैल वेगाच्या समोरील धडकेत दिवे व सुरक्षेशी निगडित भाग शाबूत राहावेत, असा दंडक आला. परिणामी तेथील गाड्यांचे बंपर जाड व पुढे आलेले झाले. ब्रिटिश 'एमजीबी' गाडीस १९७४ मध्ये काळे रबरी बंपर आले व तिची उंचीही वाढविण्यात आली. अनेक मालकांनी पुढे ते काढून जुने क्रोमचे बंपर बसविले. १९८२ मध्ये अमेरिकेने हा दंडक ताशी अडीच मैलांवर आणला.

तिसरा उगम गॅरेजचा, आणि भारतात तोच महत्त्वाचा ठरला. येथे जडपणा कायद्याने आला नाही. तो मालकाच्या काळजीतून आला. लोखंडी नळ्या वेल्डिंग करून तयार केलेले गार्ड मोटारींना बसले, तसेच स्कूटरलाही गार्ड बसले. फियाट ११०० ला वेगळी चासी नसून पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. म्हणून पुढच्या टोकाला जोडलेल्या जड गार्डचा भार व धडकेचा हिसका थेट त्या सांगाड्यावर येतो.

कायद्याची भूमिका :
अमेरिकेत कायद्याने बंपर जड केला. भारतात कायद्याने जड गार्ड काढावयास लावला. पादचारी व प्रवासी या दोघांनाही धोका असल्याच्या कारणावरून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास कळविले. त्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा आधार होता. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. चासी, सांगाडा वा इंजिन यांत बदल झालेला नसावा, ही तिची अट आहे. बंपरचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या २०२४ मध्ये या वयोमर्यादेपर्यंत पोहोचल्या. त्यामुळे सातारा-सांगलीतील घरांपुढे असलेल्या अशा गाड्यांबाबत हा निर्णय आता प्रत्यक्ष घ्यावयाचा आहे.

मूल्यमापन :
येथे दोन भूमिका संभवतात. कारखान्यातून निघालेले रूप तेच खरे, ही पहिली. वापरातून झालेले बदल हाही इतिहासच, ही दुसरी. पहिली भूमिका टोकाला नेल्यास स्थानिक कारागिराचे काम पुसले जाते. दुसरी टोकाला नेल्यास रस्त्यावरील माणसाच्या जिवापेक्षा लोखंडाची आठवण मोठी ठरते. म्हणून कोणता जडपणा कोठून आला, हे प्रथम ठरविणे आवश्यक आहे. कारखान्याचा पोलादी बंपर राखावा. तो गंजला असल्यास नवा हलका बसविण्यापेक्षा त्यावर पुन्हा मुलामा द्यावा. परदेशातून आलेल्या गाडीचा कायद्याने जड झालेला बंपर हाही त्या काळाचा पुरावा होय. गॅरेजचा गार्ड मात्र गाडीवरून उतरवावा, परंतु भंगारात घालू नये. त्याचे छायाचित्र, मापे व बसविल्याचा काळ यांची नोंद करून तो जपावा.

निष्कर्ष :
बंपरचा जडपणा हा एकच गुण नसून त्यामागे कारखाना, कायदा व कारागीर असे तीन कर्ते आहेत. त्यांचा भेद न करता केलेले जतन अपुरे व केलेला बदल अविचारी ठरतो. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी जुने मालक व मिस्त्री यांच्या मुलाखतींतून अशा नोंदी केल्यास स्थानिक इतिहासाचे एक साधन हाती राहील. मिस्त्रींची ती पिढी आता वृद्ध झाली आहे. म्हणून हे काम लांबणीवर टाकणे योग्य होणार नाही.