चालण्याचे मूल्यमापन (सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे)

सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) असलेले मूल किती, कुठे आणि कशाच्या आधाराने चालते, हे ठरवण्याची पद्धत. वाढत्या मेंदूला झालेली इजा तेवढीच राहते. शरीर मात्र वाढत असते. हाडांची लांबी वाढते, आखडलेले स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत आणि सातव्या वर्षी बरे चालणारे मूल अकराव्या वर्षी गुडघे वाकवून चालू लागू शकते. त्यामुळे ही तपासणी एकदा करून भागत नाही.

पण असे मूल आधी हेरावे लागते, आणि त्या कामात महाराष्ट्रातील पालघरचे नाव आधीच नोंदले गेले आहे. 0 ते 18 वर्षांच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, आजार आणि विकासातील विलंब हेरणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथेच सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. कार्यक्रमाच्या आखणीनुसार तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. दिवाळीनंतर मात्र जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर ‘जगायला’, म्हणजे मजुरीसाठी, जातात. पथकाची गाडी पाड्यात येते तेव्हा मूल भट्टीवर असले, तर ती तपासणी हुकते. शिवाय पथकाचे काम हेरण्याचे. चालण्याची प्रत ठरते ती पुढे, फिजिओथेरपिस्टकडे.

तेथे पहिली लागते ती जीएमएफसीएस (ग्रॉस मोटर फंक्शन क्लासिफिकेशन सिस्टिम) ही पाच पातळ्यांची श्रेणी. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात रॉबर्ट पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी ती 1997 मध्ये मांडली आणि 2007 मध्ये तिच्यात 12 ते 18 वर्षांचा गट आला. पालघर जिल्ह्यातील बोईसर रेल्वे स्थानकाचा पूल डोळ्यांसमोर आणला की तिच्या पायऱ्या कळतात. कठडा न धरता जिना चढणारे शाळकरी मूल पहिल्या पातळीचे, कठडा धरून चढणारे दुसऱ्या. तिसऱ्या पातळीचे मूल वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालते. चौथ्या पातळीला बहुतेक वेळ चाकाची खुर्ची लागते आणि पाचव्यात मान सावरणेही कठीण असते. पातळी ठरते ती मूल रोज जे करते त्यावरून. डॉक्टरांसमोर एकदा जोर लावून जे करून दाखवते त्यावरून नव्हे. पातळी कळली की खुब्याकडे किती लक्ष ठेवायचे हेही कळते, कारण खुबा सरकण्याचा धोका पहिल्या पातळीत नगण्य, तर पाचव्यात सुमारे 90 टक्के आढळला आहे.

मेलबर्नमध्ये तयार झालेले एफएमएस (फंक्शनल मोबिलिटी स्केल) हे मापन (2004) पालघरसाठी अधिक बोलके आहे. त्यात 5, 50 आणि 500 मीटर, म्हणजे घर, शाळा आणि बाहेरची वाट, यांना 1 ते 6 असे वेगवेगळे गुण देतात. सपाट जमिनीवरच बिनआधार चालणाऱ्याला 5, कोणत्याही जमिनीवर चालणाऱ्याला 6. बोईसरच्या अणुऊर्जा वसाहतीतील डांबरी रस्त्यावर हा एका गुणाचा फरक जाणवणारही नाही. भातखाचराच्या बांधावर, जुलैच्या चिखलात, शाळेत जाता येणे-न येणे त्यावरच ठरते. दवाखान्याच्या फरशीवर घेतलेली चाचणी अशा मुलाला हमखास जास्त गुण देते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चालण्याची ढब वेगळी तपासतात: पाय चवड्यावर पडतो का, गुडघे कात्रीसारखे एकमेकांवर येतात का, पाऊल आत वळते का. मोठ्या प्रयोगशाळेत त्यासाठी अंगावर चकाकणारे ठिपके लावून कॅमेऱ्यांनी सांध्यांचे कोन मोजतात. एवढी सोय नसेल तेथे एडिंबरा पद्धत (2003) उपयोगी पडते. तिच्यात चित्रफीत पाहून प्रत्येक पायाच्या 17 बाबींना गुण देतात. तपासणीसाठी मुंबईला जायचे तर अंतरही आड येते: चर्चगेटपासून बोईसर सुमारे 100 किलोमीटर. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत पोहोचेपर्यंत लोकलच्या गर्दीत आईच्या मांडीवर आखडून बसलेले मूल थकलेले असते, आणि थकवा व भीती यांनी स्नायूंचा ताठरपणा वाढतो. घरच्या अंगणात, अनवाणी आणि स्प्लिंट (पायाला आधार देणारे साधन) घालून, समोरून आणि बाजूने मोबाइलवर घेतलेले चित्रण अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशी या मापनाची गल्लत होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील अनेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते; तो आकडा मूल किती दूर चालते हे सांगत नाही.

चप्पल मात्र सांगते. चवड्यावर चालणाऱ्या मुलाच्या चपलेचे टोक झिजते, टाच कोरी राहते. एकाच बाजूचा पक्षाघात असेल तर एकच चप्पल अशी झिजलेली असते. तपासणीला जाताना मुलाला नवी चप्पल घेऊ नये, रोजचीच घालून न्यावी.