डॉक्टर मैदानात धावली, हीच चूक?

८ ऑगस्ट २०१५. लंडनचं स्टॅमफर्ड ब्रिज. गतविजेती चेल्सी आणि स्वान्सी २-२ बरोबरीत. चेल्सीचा गोलकीपर कुर्तुआ आधीच लाल कार्ड घेऊन बाहेर. भरपाई वेळेत एडन हॅझार्ड पडला. रेफरीने हात केला, तशा डॉ. इव्हा कार्नेरो आणि फिजिओ आत धावले. नियमाप्रमाणे उपचार घेतलेल्या खेळाडूला बाहेर जावं लागतं, म्हणजे चेल्सीची नऊच माणसं उरली. प्रशिक्षक मोरिन्यो भडकले. डॉक्टरांना खेळ कळत नाही, असा जाहीर सूर लावला. कार्नेरोंना संघाच्या बेंचवरून हटवलं आणि सप्टेंबरात त्यांनी क्लब सोडला.

पुढे काय झालं? डिसेंबरात लेस्टरकडून हरल्यावर मोरिन्योंचीच गच्छंती झाली. चेल्सी दहावी आली. लेस्टर चॅम्पियन! त्यांच्याकडे दुखापती फारच कमी होत्या, त्यामुळे रानिएरींना जवळपास तोच संघ पुन्हा पुन्हा उतरवता आला.

चेल्सी बुडाली ती फक्त डॉक्टर गेल्यामुळे, असं मी म्हणणार नाही. पण जून २०१६ मध्ये तडजोड करताना क्लबला जाहीर माफी मागावी लागली. रुग्णाचं हित आधी पाहून डॉक्टरांनी नियमच पाळला, हे मान्य करावं लागलं.

मुद्दा साधा आहे मंडळी. खेळाडू पडला की शब्द कोणाचा चालणार, डॉक्टरचा की स्कोअरबोर्डचा? आपल्या मैदानांवर तरी याचं उत्तर ठरलंय का?