रजिस्टर कोणाच्या हातात?

सोलापुरात कुठल्याही दवाखान्यात जा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक रजिस्ट्रेशन नंबर छापलेला असतो. आपण तो कधी वाचत नाही. पण तो नंबर कोणी द्यायचा, यावरून शंभराहून जास्त वर्षं वाद चालू आहे.

सुरुवात १९१२ ची. मुंबई इलाख्यात बॉम्बे मेडिकल ॲक्ट आला, हिंदुस्थानातला असा पहिला कायदा. नमुना विलायतेच्या १८५८ च्या कायद्याचा. डॉक्टरांची यादी ठेवायची, गैरवर्तन करणाऱ्याचं नाव खोडायचं, हे काम सरकारने एका परिषदेवर सोपवलं. डॉक्टरांचं डॉक्टरांनीच बघावं, ऐकायला छान वाटतं. पण परिषदेत सरकारने नेमलेली माणसंही होतीच आणि वैद्य-हकिमांना त्या यादीत जागाच नव्हती. त्यांच्या औषधांवर बंदी नव्हती बरं का! फक्त त्यांनी दिलेल्या दाखल्याला सरकारदरबारी किंमत नव्हती.

आपल्याकडची गंमत अशी, की सोलापूर इंग्रजांचं, अक्कलकोट संस्थानचं आणि तुळजापूर निजामाचं. मुंबईचा कायदा या दोन्हीकडे लागू नव्हता. म्हणजे पन्नास किलोमीटरच्या आत या यादीची हद्द संपायची. ताप काही हद्द बघून येत नाही!

मग १९३८. खेर मंत्रिमंडळात आरोग्यखातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं, ते स्वतः ॲलोपॅथीचे. तरी त्यांच्याच काळात वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा झाला. (त्याच वर्षी आपले डॉ. कोटणीस चीनला गेले. विषयाबाहेरचं आहे, पण सोलापूरकराला राहवत नाही.) वैद्यांना मान मिळाला, पण वेगळ्या मंडळाच्या वेगळ्या रजिस्टरमध्ये. माझ्या मते आजच्या भांडणाचं मूळ इथे आहे. कुंपण तसंच राहिलं, फक्त पलीकडच्यांनाही सातबारा मिळाला. १९६१ आणि १९६५ च्या राज्याच्या कायद्यांनी हीच विभागणी पुढे चालवली.

मी कोड लिहिणारा माणूस, मला हे ॲडमिन राइट्ससारखं दिसतं. रोजचं काम परिषदेला दिलं, मास्टर पासवर्ड मात्र मंत्रालयात. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलला. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे व्हावी, असं ठरलं. आयएमए कोर्टात गेली. २०२२ मध्ये निवडून आलेल्या कौन्सिलची मुदत संपली आणि प्रशासक बसला. २०२५ मध्ये कौन्सिलने नोंदणीची सूचना काढली, विरोध झाल्यावर ती थांबली, आणि सप्टेंबरमध्ये सरकारनेच नोंदणी करायला सांगितलं. १८ सप्टेंबरला डॉक्टरांनी राज्यभर संप केला.

त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या पेशंटला मात्र कुठल्याच रजिस्टरबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. १९१२ मध्येही नव्हतं.